जिद्द आणि जेवण
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आवडत्या खेळाडूवर बोलाल का, असं मला विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. शाळेत लंगडी आणि खो-खो, त्यापुढे माझी मजल गेली नाही. नोकरी केली ती सातारा जिल्ह्यात, पाणीपुरवठा आणि स्वच्छतेच्या कामात. पंचवीसेक वर्षं गावोगाव फिरून ‘संडास बांधा आणि बांधलेला वापरा’ एवढंच सांगत आले. त्याचा आणि खेळाचा काय संबंध? पण गंमत अशी, की ज्या खेळाडूबद्दल मी आज बोलणार आहे, तिची माझी ओळख झाली ती या संडासांमुळेच.

२०१३ सालची गोष्ट. आमच्या एका प्रशिक्षण शिबिराला बाहेरचे एक पाहुणे आले होते. जेवणाच्या सुट्टीत गप्पा चालल्या असताना ते सहज म्हणाले, ‘‘नेपाळात तुमच्यासारखंच पाण्याचं आणि स्वच्छतेचं काम करणारी एक इंग्रज मुलगी होती. ती नंतर आयर्नमॅन शर्यतीत जगज्जेती झाली. एकदा नाही, चार वेळा.’’ मला आधी थट्टाच वाटली. सरकारी खात्यातली बाई आणि जगज्जेती! पण ते खरं होतं. त्या मुलीचं नाव क्रिसी वेलिंग्टन. तिचं ‘अ लाइफ विदाउट लिमिट्स’ हे आत्मचरित्र २०१२ साली आलं होतं. मी ते मागवलं. खरं सांगायचं तर स्वतःसाठी नाही, लेकीसाठी मागवलं. लेक तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि तिच्याशी काय बोलावं हेच आम्हाला घरात कळेनासं झालं होतं. त्याकडे मी येणारच आहे.

आधी ही शर्यत काय असते ते सांगते, कारण मलाही ते माहीत नव्हतं. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकामागून एक, मध्ये विश्रांती नाही. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. पण आयर्नमॅन हा त्याचा थोरला भाऊ. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर वाद निघाला, की अधिक दमदार कोण? पोहणारा, सायकलवाला की धावणारा? तेव्हा तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यतींची अंतरं एकापुढे एक जोडून टाकली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पुरी केली, आणि पहिल्याला पावणेबारा तास लागले. अंतरं अशी : पोहणं ३.८ किलोमीटर, म्हणजे आपल्या पंचवीस मीटरच्या तलावात दीडशेच्या वर फेऱ्या. मग सायकल १८० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून नाशिक गाठून आणखी थोडं पुढे. आणि सायकल ठेवली की लगेच ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. सतरा तासांत पुरी करायची. पुढे ही शर्यत हवाईच्या मोठ्या बेटावर, कोना या गावी नेली. रस्ता काळ्या लाव्हारसाच्या माळातून जातो, सावलीला झाड नाही, वारा असा की सायकलवाला आडवा व्हावा. जगज्जेतेपद ठरतं ते इथे.

या शर्यतीत पहिली येणारी मुलगी लहानपणापासून कुठल्या तरी अकादमीत घडली असेल, अशी आपली समजूत असते. क्रिसीचं तसं काही नव्हतं. तिचा जन्म १९७७ सालचा. बालपण गेलं ते इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफक परगण्यातल्या फेल्टवेल या खेड्यात. पोहायला जायची, पण कोणी ‘ही पुढे नाव काढणार’ असं म्हटलं नव्हतं. हुशारी अभ्यासात. बर्मिंगहॅम विद्यापीठात भूगोल, पहिला वर्ग. मग दोन वर्षं जगभर भटकंती, मग मँचेस्टरला विकास-अभ्यासाची पदव्युत्तर पदवी, आणि मग लंडनला सरकारी नोकरी. पर्यावरण, अन्न आणि ग्रामीण कामकाज पाहणारं खातं. २००२ साली जोहान्सबर्गला शाश्वत विकासाची जागतिक परिषद भरली, त्यासाठी ब्रिटनच्या शिष्टमंडळात ही होती. आपल्याकडच्या आईवडिलांनी पेढे वाटावेत अशी सगळी वाटचाल.

या वाटचालीच्या आत मात्र वेगळंच चाललं होतं. ते तिने पुस्तकात काहीही न झाकता लिहिलं आहे. तरुणपणाची कितीतरी वर्षं तिचं अन्नाशी वैर होतं. कधी खाल्लेलं मुद्दाम ओकून टाकायचं, कधी खायचंच नाही. आपल्यावर आपला ताबा हवा, सगळं नेमकं, सगळं पहिल्या नंबरचं हवं, ही तिची ओढ. आणि ताबा ठेवायला सगळ्यांत सोपी वस्तू कोणती? स्वतःचं शरीर. वजनाचा काटा खाली सरकला की तिला परीक्षेत पहिलं आल्यासारखं वाटायचं.

हे पान मी वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. कारण ते माझ्या घरातलं होतं.

माझी लेक कॉलेजात पंधराशे मीटर धावायची. विद्यापीठाच्या स्पर्धेत तिसरी आली होती. कुणीतरी मार्गदर्शक तिला म्हणाले, ‘‘दोन किलो उतरव, सेकंद आपोआप उतरतील.’’ त्यांच्या मनात वाईट काही नसावं. पुष्कळजण असं म्हणतात. लेकीने दोन उतरवले. सेकंद उतरले. मग तिने आणखी तीन उतरवले. आता मी जे सांगणार आहे ते तिला विचारून, तिच्या परवानगीने सांगते आहे.

आपल्याकडे न जेवण्याला पुण्य आहे. मुलगी जेवत नाही म्हटलं की काळजी वाटते, पण मुलगी उपास करते म्हटलं की घर खूश. तिने आधी गुरुवार धरला. मग संकष्टी. मग शनिवार. तिच्या आजीला केवढा आनंद! ‘‘पोरगी देवाधर्माची निघाली हो,’’ असं माझ्या सासूबाई शेजारीपाजारी सांगायच्या. आणि मी? मी तर त्याहून शहाणी. ऑफिसात सांगत होते, ‘‘भारी जिद्दी आहे आमची मुलगी. पहाटे चारला उठते, सात किलोमीटर धावते, गोडाला हात लावत नाही.’’ जिद्द! हा शब्द आपण किती सहज वापरतो. एकदा तिच्या कपाटाला मुंग्या लागल्या म्हणून कप्पा ओढला, तर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपात्या. आठ-दहा दिवसांच्या. मी त्या हातात घेऊन तिथेच पलंगावर बसून राहिले.

तिची पाळी पाच महिने बंद होती, तेही मला माहीत नव्हतं. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं आणि तेव्हा कळलं. डॉक्टर भले होते. त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, की खर्च जास्त आणि जमा कमी झाली की शरीर आधी गरजेबाहेरची खाती बंद करतं. पाळी हे त्यातलं पहिलं खातं. मग ते हाडांतून उचल घ्यायला लागतं. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या अवस्थेला नवं नाव दिलं आणि ती पुरुष खेळाडूंनाही होते हे मांडलं. आमच्या वेळी मात्र धावणाऱ्या मुलीची पाळी बंद होणं ही ‘चालायचंच’ अशी बाब होती.

तर या काळात ते पुस्तक घरी आलं. आठवडाभर लेकीने त्याला हातही लावला नाही. एका रात्री उशिरा ती माझ्या खोलीत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, ‘‘आई, हिने पण लपवलं होतं गं.’’ एवढंच. पण सहा महिन्यांत त्या विषयावर ती आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

असो. क्रिसीकडे वळू या. लंडनला नोकरी करताना ती धावू लागली होती. २००२ साली लंडन मॅरेथॉन तिने तीन तास आठ मिनिटांत पुरी केली. हौशी बाईच्या मानाने हे थक्क करणारं. पुढच्या वर्षी सायकलवरून जाताना मोटारीने उडवलं, धावणं बंद पडलं म्हणून ती पुन्हा पोहायला लागली, आणि तिथे कुणीतरी ट्रायथलॉनचं नाव काढलं. सुरुवातीच्या एका शर्यतीत पाण्यात घालायचा रबरी पोशाख उसना आणलेला, तो ढगळ निघाला, त्यात पाणी शिरलं आणि बाईंना पाण्याबाहेर काढावं लागलं. जगज्जेतीचा श्रीगणेशा असा.

नोकरीत तिचं मन रमेना. कागद, बैठका, मसुद्यावर मसुदा. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, ती माणसं कुठे दिसतच नाहीत. हे मला अगदी पटलं. तिने बिनपगारी रजा घेतली आणि २००४ साली नेपाळ गाठलं. तिथल्या एका ग्रामीण विकास संस्थेत पाणी आणि स्वच्छतेचं काम घेतलं. काळ वाईट होता. माओवाद्यांचं युद्ध चाललेलं, फेब्रुवारी २००५ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता हातात घेतली, आणीबाणी आली. अशा दिवसांत गावकऱ्यांना गोळा करून उघड्यावर बसण्याचे तोटे समजावून सांगायचे!

आम्ही इकडे तेच करत होतो. २००० साली आपल्याकडे संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, ते तुम्हाला आठवत असेल. पुढे आमची ‘गुड मॉर्निंग पथकं’ निघाली. पहाटे पाचला शिट्ट्या घेऊन गावाबाहेर उभं राहायचं. लोक टमरेल लपवून पळायचे, कुणी शिव्या घालायचे. एका गावात एक म्हातारी मला म्हणाली होती, ‘‘बाई, आधी पानी द्या, मंग संडासाचं बोला.’’ तिचं काय चुकलं? तर पहाटे पाचला मी शिट्टी घेऊन उभी असताना, ही मुलगी काठमांडूच्या खोऱ्यात सायकल घेऊन निघत असे. सायकलचं नाव तिने ठेवलं होतं ‘प्रेम’. आपल्याच शब्दातलं प्रेम.

काही जाणकार म्हणतात, की समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटर उंचीवर रोज डोंगर चढल्याने तिची छाती आणि पाय तयार झाले. असेल. मला मात्र दुसरंच महत्त्वाचं वाटतं. तिथे तिची वेळ मोजायला कुणी नव्हतं. सोबतीला मित्रमंडळी होती, वाटेत चहा होता, भूक लागली की समोर डाळभात होता. एका सुट्टीत ही मंडळी ल्हासाहून काठमांडूपर्यंत सायकलने आली. त्या वाटेवर पाच हजार मीटरहून उंच खिंडी आहेत. बर्फ, वाळूची वादळं. इतकं चालवल्यावर न जेवून कसं भागणार? ज्या शरीराला ती इतकी वर्षं शत्रू समजली, ते तिला हिमालय ओलांडून घेऊन आलं. पुस्तकातला हा भाग लेकीने दोनदा वाचला. मी तीनदा.

२००६ साली ती नोकरीवर परत गेली, आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत तिच्या वयोगटातच नव्हे, तर सगळ्या हौशी महिलांत पहिली आली. आता प्रश्न आला. वय तिशीला टेकलेलं. कायमची सरकारी नोकरी. सोडायची? फेब्रुवारी २००७ मध्ये तिने सोडली. मी असते तर सोडली नसती, हे कबूल करते.

तिने ज्यांच्याकडे सराव केला ते ब्रेट सटन. या माणसाबद्दल बोलताना मला अवघड होतं. १९९९ साली ऑस्ट्रेलियात न्यायालयासमोर त्यांनी एका अल्पवयीन जलतरणपटू मुलीवरच्या लैंगिक गुन्ह्यांची कबुली दिली होती. तिथल्या जलतरण संघटनेने त्यांना कायमचं बंद केलं. क्रिसीला हे ठाऊक होतं आणि तरी ती गेली. का गेली ते तिने लिहिलंय, पण आई म्हणून मला ते पचत नाही, आणि पचलंच पाहिजे असंही नाही. मात्र तिथे तिला जे शिकवलं गेलं ते सांगायला हवं. पहिल्याच चाचणीनंतर तिला सांगण्यात आलं, की शरीर उत्तम आहे, अडचण डोक्याची आहे. ही बाई थांबत नव्हती. सांगितलं त्याच्या दीडपट करायची. विश्रांतीच्या दिवशी तिचा जीव कासावीस व्हायचा. विश्रांती हा सरावाचाच भाग आणि अन्न हे इंधन, हे तिच्या गळी उतरवायला महिने लागले. म्हणजे तिला जास्त कष्ट करायला शिकवावं लागलं नाही. कमी करायला शिकवावं लागलं.

आणि मग आली ऑक्टोबर २००७ ची कोना. तिने त्याआधी पूर्ण अंतराची शर्यत केली होती ती एकच, ऑगस्टमध्ये कोरियाला. तीही जिंकली म्हणून इथे जागा मिळाली. व्यावसायिक होऊन आठ महिने. तिचं नाव कुणाच्या अंदाजात नाही. समालोचन करणाऱ्यांकडे तिची धड माहितीही नाही. पोहून ती पुढच्यांत बाहेर पडली, सायकलवर एकेकीला मागे टाकत आघाडीवर आली, आणि ‘ही कोण?’ अशी शोधाशोध सुरू झाली. जाणते म्हणाले असतील, नवखी आहे, पळताना कोसळेल. नवखी कोसळली नाही. मॅरेथॉन तीन तासांच्या आत धावून ९ तास ८ मिनिटं ४५ सेकंदांत तिने रेषा ओलांडली. दुसरी आलेली सॅमन्था मॅकग्लोन पाच मिनिटं मागे होती. आणि कोसळायचं सोडाच, ही हसत होती. पुढे तिचं हे हसणंच तिची ओळख झालं. मी चित्रफीत पाहिली आहे; इतक्या तासांनंतर एखादीच्या चेहऱ्यावर इतकं हसू कसं उरतं, ते मला अजून कळलेलं नाही.

२००८ च्या शर्यतीतला एक प्रसंग मला फार आवडतो. सायकलचं चाक पंक्चर झालं. हवा भरायच्या छोट्या नळकांड्या जवळ होत्या, पण घाईत त्यातला वायू फुकट गेला. आघाडीवरची जगज्जेती रस्त्याच्या कडेला उभी, आणि एकेक प्रतिस्पर्धी समोरून निघून चाललेली. ही ओरडून मागते आहे, कुणीतरी द्या. दिली ती ऑस्ट्रेलियाच्या रिबेका कीटने. स्वतःची नळकांडी तिने हिच्याकडे फेकली आणि पुढे गेली. म्हणजे आपल्याला हरवू शकणाऱ्या बाईला आपल्या हाताने पुन्हा शर्यतीत आणलं. क्रिसी दहाएक मिनिटं गमावूनही जिंकली. मला विचाराल तर त्या दिवशी दोघी जिंकल्या, पण पाटीवर एकच नाव लागतं.

२००९ साली तिने कोनाचा सतरा वर्षांचा विक्रम मोडला. पॉला न्यूबी-फ्रेझरचा तो १९९२ चा, ८ तास ५५ मिनिटं २८ सेकंदांचा. क्रिसीने लावले ८ तास ५४ मिनिटं २ सेकंद. जर्मनीत रोथ नावाचं एक गाव आहे, तिथे २०११ साली तिने हे सगळं अंतर ८ तास १८ मिनिटं १३ सेकंदांत कापलं. तो जागतिक उच्चांक बारा वर्षं टिकला. २०२३ मध्ये त्याच रोथला स्वित्झर्लंडच्या डॅनिएला रिफने तो मोडला. पूर्ण अंतराच्या तेरा शर्यतींत क्रिसी उतरली आणि तेराही जिंकली.

पण माझ्या लेखी तिची सगळ्यांत मोठी शर्यत ती, जी ती धावलीच नाही. २०१० ची कोना. तीन वेळची विजेती, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. आदल्या दिवसांत अंगात कसकस होती. शर्यतीच्या पहाटे ती उठली आणि तिने ठरवलं, आज उतरायचं नाही. लोक काय काय बोलले! घाबरली म्हणाले, हरण्याच्या भीतीने पळाली म्हणाले. ज्या मुलीने कधीकाळी भुकेची हाक ऐकायची नाही अशी शपथ घेतल्यासारखं वागवलं स्वतःला, तिने त्या पहाटे शरीर ‘नको’ म्हणतंय ते ऐकलं. पुढच्याच महिन्यात ॲरिझोनाच्या शर्यतीत ती पहिली आली.

लेकीला मी हे सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, ‘‘आणि २०११? ते नाही सांगत तू.’’ बरोबर पकडलं तिने मला. २०११ च्या कोनाआधी दोन आठवडे क्रिसी सायकलवरून पडली. पाय खरचटून जंतुसंसर्ग झाला, छातीचा स्नायू दुखावला. तरी ती उतरली. पोहण्यात कितीतरी मागे पडली, सायकलवरही नेहमीची चमक नव्हती. मॅरेथॉनमध्ये तिने एकेकीला गाठलं, आणि आदल्या वर्षीची विजेती मिरिंडा कारफ्रे हिला तीन मिनिटांच्या आत मागे ठेवून जिंकली. तिच्या मते तिच्या आयुष्यातली ही सर्वांत पूर्ण शर्यत. इथे तिचं कौतुक करावं की कान धरावा, मला कळत नाही. जिद्द कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो, याची खूण तिलाही प्रत्येक वेळी सापडली असेल असं वाटत नाही. आपला हा आतला स्वभाव पुसला गेला असा दावा तीही करत नाही. त्याला वाट मिळाली, एवढंच.

त्यानंतर ती आयर्नमॅन कधी धावली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये निवृत्ती जाहीर केली. शिखरावर असताना उतरणं आपल्या क्रिकेटवाल्यांनाही अवघड जातं. पुढे तिने आणि आणखी तिघींनी टूर द फ्रान्सच्या संयोजकांकडे आग्रह धरला, की या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीत बायकांनाही जागा द्या. २०१४ मध्ये पॅरिसला बायकांची एक दिवसाची शर्यत झाली. अनेक टप्प्यांची टूर २०२२ मध्ये आली. इंग्लंडात दर शनिवारी सकाळी बागेत पाच किलोमीटर फुकट चालण्या-धावण्याचा ‘पार्करन’ नावाचा उपक्रम आहे, त्यात तिने लोकांच्या आरोग्यासाठी काम केलं. तिथे शेवटच्यासाठीही कुणीतरी थांबतं.

कोनालाही ती थांबायची. जिंकल्यावर विजेते हॉटेलात जाऊन झोपतात, त्यांचा हक्कच आहे तो. ही मात्र रात्री परत अंतिम रेषेवर यायची आणि मध्यरात्रीपर्यंत, सतराव्या तासापर्यंत, लंगडत येणाऱ्या, रडत येणाऱ्या, सत्तरीतल्या माणसांचं स्वागत करायची. जॉन ब्ले नावाचा एक अमेरिकन खेळाडू होता. त्याला स्नायू निकामी करणारा असाध्य आजार झालेला असताना त्याने २००५ साली कोना पुरी केली. गडगडत न्यावं लागलं तरी रेषा ओलांडेन, असं तो म्हणायचा. २००७ मध्ये तो गेला. त्याच्या आठवणीसाठी क्रिसी रेषेवर आडवी होऊन गडगडत पलीकडे जायची. जगज्जेती, धुळीत लोळून.

आता माझ्या लेकीचं सांगते आणि थांबते. पुस्तक वाचून ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. डॉक्टर होते, आहाराचं बघणाऱ्या बाई होत्या, दर पंधरा दिवसांनी समुपदेशनाला पुण्याला जाणं होतं. दोन वर्षं गेली. त्यात परत घसरणंही झालं. पंधराशे मीटर तिने सोडलं ते सोडलंच. सासूबाईंना आम्ही सगळं समजावून सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःची एकादशी सोडली आणि नातीसमोर ताट घेऊन बसल्या. ‘‘तू खाशील तितकंच मी खाणार,’’ म्हणाल्या. ऐंशीची बाई! त्या वर्षी दोघींचं वजन वाढलं.

आपल्याकडेही आता या शर्यतीचं वारं आलंय. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली पन्नाशीत झुरिचची आयर्नमॅन पुरी केली, तेव्हापासून पुण्या-कोल्हापुरात डॉक्टर, वकील, पोलीस अधिकारी सगळेच सायकली घेऊन निघाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर निम्म्या अंतराची शर्यत भरली. लेकीच्या ओळखीचे काहीजण उतरले होते, म्हणून तीही गेली, आणि मला ओढून घेऊन गेली. ती खेळायला नव्हती, रस्त्याच्या कडेला उभी राहून धावणाऱ्यांना टाळ्या वाजवायला होती. दुपारचं ऊन, पणजीचा दमटपणा, काय विचारता! तीन-साडेतीनला बहुतेक सगळे येऊन गेले. मी म्हटलं, ‘‘चल गं आता, पाय दुखले.’’ ती म्हणाली, ‘‘थांब, अजून माणसं यायची आहेत.’’

आम्ही थांबलो. एक जाडजूड गृहस्थ चालत, थांबत, पुन्हा चालत येत होते. लेक ओरडून ओरडून त्यांना हाक मारत होती, आडनावसुद्धा माहीत नसताना, नुसतंच ‘‘या काका, या, आलंच!’’ ते पोचले. मग ती माझ्याकडे वळली, घसा बसलेला, चेहरा उन्हाने लाल, आणि म्हणाली, ‘‘आई, सकाळचा डबा कुठाय? त्यात दोन चपात्या राहिल्या होत्या बघ.’’

राहिल्या होत्या. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तिने त्या तिथेच, उभ्या उभ्या खाल्ल्या.